तिसऱ्या वर्तुळातली जागा

चिल्का सरोवराकाठच्या अंगणवाडीत दीदीने फरशीवर खडूने तीन वर्तुळं काढली होती: वाढीचं, रोगांना अडवणारं, ताकदीचं. चार वर्षांच्या झुनूने मासा, अंडं, दूध अशी चित्रं वाढीच्या वर्तुळात बरोब्बर मांडली. “शाब्बास गं माझी राणी!” मग डाळ आणि पालेभाजी दुसऱ्या वर्तुळात ठेवली. पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भाताचं, पखाळभाताचं, चित्र घेऊन ती स्वतःच तिसऱ्यात बसली. “अगं वेडाबाई, डाळ तिथे कुठे?” “ते वर्तुळ आजीचं. आजोबा गेल्यापासून ती मासे खात नाही.” “मासा, अंडं?” “बाबांचं अन् दादाचं.” “पखाळभात?” “आईचा अन् माझा.” चित्रं हलवायला वाकलेली दीदी तशीच थांबली. सकाळी तिने माशाचं डोकं नवऱ्याला वाढलं होतं, मधला तुकडा मुलाला. “दीदी, तू डब्यात काय आणलंस?” झुनूने झाकण उघडून पाहिलं आणि तिसऱ्या वर्तुळात सरकून जागा केली. “ये.”