पाठमोरी अंगाई

दारूत बुडालेल्या आईकडून तीन वर्षांची मुलगी काढून घेऊन परक्या घरी सांभाळायला द्यायचा हुकूम वकीलबाईंनी मिळवला. दिवसभर भांडून घसा बसला होता. जिंकल्याचं सुख कुठंच नव्हतं. कोर्टाबाहेर बाकावर ती आई एकटीच बसलेली. विरुद्ध पक्षाशी थेट बोलायचं नाही, हा वकिलीचा नियम, म्हणून वकीलबाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या. आई समोरच्या भिंतीला सांगू लागली, "ऐक गं भिंती, तुला कान असतात म्हणे. अंगाईशिवाय पोरीचा डोळा लागत नाही. 'निजलं रान, निजलं वासरू, तूही नीज गं, माझं पाखरू.'" वकीलबाईंनी मुलीला सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावून ओळी म्हणून दाखवल्या. मागून आईनं टोकलं, "खटला चालवतेय का ही? सावकाश म्हणावं. घाई केली की दचकते ती." न वळता वकीलबाई पहिल्यापासून, सावकाश म्हणू लागल्या.