सुताचं घर

"तितं बांबू नको ठोकू, पोरी. तितं चूल हाय."

मृणालीने हातोडी खाली केली. बांधावर एक म्हातारा उभा होता. अंगात वॉचमनचा निळा शर्ट, डोक्याला रुमाल. तो बोट दाखवत होता तिथे कापलेल्या भाताच्या धसकटांखेरीज काहीच नव्हतं.

"चूल? इथं?"

"हां. दार उगवतीला, न चूल ह्या कोपऱ्यात." मग तो ओशाळला. "तुजं चालू दे. मी आपला असाच आलो."

दिघाशीच्या त्या शेतावर सहा नवोदित कलावंतांचं महिन्याचं निवासी शिबिर चालू होतं. प्रत्येकाने उघड्यावर एक कलाकृती उभारायची, तीही त्या जागेतूनच निघालेली. मृणाली सगळ्यात जवळची, शेलारची. तरी तिचाच आराखडा मार्गदर्शक सुकन्याताईंनी परत केला होता. "सुरेख आहे गं. पण हे उद्या पुण्यात मांडलं तरी चालेल. या मातीवर काय होतं ते शोध." त्याला आठवडा झाला होता. आता प्रदर्शनाला बारा दिवस उरले होते. जमलं नाही, तर घरी कबूल केल्याप्रमाणे भाऊ मितेशच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचच्या टेबलावर बसायचं होतं.

तिने म्हाताऱ्याला पाणी दिलं, बसवून घेतलं. नाव दामू. राहनाळला गोडाऊनवर ड्युटी. तरुणपणी याच शेतावर बायकोसोबत मजुरीला यायचा.

"काका, तुमचं घर होतं इथं?"

दामूकाकांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "आमचंच घर," एवढंच म्हणाले.

शेत केसरीनाथशेठचं. मृणालीने त्यांना फोन लावला. "मी घेतली तेव्हा मोकळीच होती जागा," ते म्हणाले. "आधीचं मला नाही माहीत. असेल बाबा एखादं घर."

तिला तेवढं पुरलं.

ड्युटी सुटली की काका रोज यायचे. पावलं टाकत जागा दाखवायचे, मृणाली बांबू रोवायची. शेलारच्या कापडाच्या लूममधून उरलेलं सूत तिने पोत्यांनी आणलं होतं. बांबूंमधून ते आडवं ताणत नेलं की भिंत व्हायची. आरपार दिसणारी, पण भिंतच.

"ही कमळची खोली," काका सांगायचे. "आमची पोर. वाड्याला दिली. माहेरी आली की हितं निजंल."

"खिडकी कुठं होती?"

काका अडखळले. "थांब. घरी इचारतो." दुसऱ्या दिवशी येतायेताच म्हणाले, "ती बोलली, दोन खिडक्या. वारा खेळता राहतो."

मृणालीला हसू आलं. आजींना जास्त लक्षात होतं तर.

"काका, पाडलं कधी हो घर?"

"त्ये नको इचारू, पोरी."

तिने पुन्हा विचारलं नाही. काका हाताने सूत चाचपत उभे राहिले होते.

चार दिवस उरले असताना काका म्हणाले, "ओटी थोडी पुढं घे. ती बोलते, मोठी पायजे. चार माणसं आली तं बसतील कुठं?"

म्हणजे पुढच्या सगळ्या भिंतीचं सूत सोडायचं. मृणालीचे हात सुताने कापले होते. ती वैतागली. "काका, कशी पाहिजे ते नका सांगू! कशी होती ते नीट आठवून सांगा ना."

काकांचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ दे मग," म्हणाले आणि बांधाने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. मृणालीला जेवण जाईना. म्हाताऱ्या माणसाला आपण त्याच्याच घराबद्दल बोललो. शेवटी तिने एकटीने पुढची भिंत सोडली, बांबू उपटले, पाच पावलं पुढे नेऊन रोवले. दिवस मावळेपर्यंत सूत ताणत होती.

चौथ्या दिवशी सकाळी मागे खाकरल्याचा आवाज आला. काका दारातून आत आले. सुताखालून वाकून आत शिरणं सोपं होतं, पण ते कधीच तसे आले नव्हते. त्यांनी ओटीवर फेरी मारली. मग मृणालीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आजींना घेऊन या उद्या," ती म्हणाली.

प्रदर्शनाला गावातली माणसं आली, शहरातून पाहुणे आले. केसरीनाथशेठही आले. पाटीवर मृणालीने लिहिलं होतं: 'याच जागी दामू आणि बायजाबाई यांचं घर उभं होतं.' सुकन्याताई घरातून सावकाश फिरल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "हे दुसरीकडे कुठंच उभं राहणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तू माझ्यासोबत काम करतेयस."

तेवढ्यात रिक्षा थांबली. काकांनी बायजाबाईंना हात धरून उतरवलं. नवं हिरवं लुगडं, केसांत अबोली. दारात त्यांनी चप्पल काढली, उंबऱ्याच्या जागी मातीला हात लावून तो कपाळाला लावला. मग एकेका खोलीत जाऊन उभ्या राहिल्या, कमळच्या खोलीत जरा जास्त वेळ. शेवटी त्या ओटीवर येऊन मातीत मांडी घालून बसल्या. काका शेजारी टेकले.

मृणाली त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "आजी, होतं अगदी तसंच झालंय ना घर?"

"होतं कवा, बाय?" बायजाबाई हसल्या. "लगीन झाल्यापासून आमी पत्र्याच्या खोलीत. रोज जेवताना ह्यो घर बांधतो, न मी आयकते. आत आज पयल्यांदा आले."