दोनदा भाजलेला गाडा

सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेले कण दिसले आणि तिनं दुसरा तुकडा घेऊन पुन्हा पाहिलं.

चुंबकं बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती तपासनीस होती आणि तिचे वडील भट्टीवाले. भट्टीत बेताची धग बसली तर चुंबकातले कण बारीक राहतात. जास्त बसली की मोठे कण शेजारच्या लहानांना गिळत सुटतात आणि चुंबकाची ताकद जाते. इथे गिळायला फारसं काही उरलंच नव्हतं. वरून मात्र तुकडे कसे छान, ठणठणीत.

तापमान बरोबर होतं, वेळही बरोबर. म्हणजे भाजलेलाच गाडा पुन्हा आत गेला होता. कच्च्या मालाचा गाडा भट्टीच्या तोंडाशी तसाच उभा होता, हे तिनं येतानाच पाहिलं होतं.

ही चूक नवख्याकडूनही होत नाही. कच्चा तुकडा नखानं खरवडतो, भाजलेला आकसून दगड होतो. बाबा तर डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगायचे. आणि काल भट्टीवर ते एकटेच होते. मागे एकदा ते घराचा रस्ता चुकले, तेव्हा आईनं आणि तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. त्या हसण्याची तिला आता लाज वाटली.

बाबा हात पुसत आत आले. तिनं त्यांना सूक्ष्मदर्शकापुढची खुर्ची दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"दोनदा भाजलंय हे," ते म्हणाले.

"पुन्हा हलकी धग दिली तर?" उत्तर ठाऊक असूनही तिनं विचारलं.

"वेडी का काय तू? वाढलेला कण लहान होतो का कधी? भंगारात टाक सगळं."

साहेबांना संध्याकाळपर्यंत चूक करणाऱ्याचं नाव हवं होतं. तिनं बाबांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ते खोटं बोलत असू देत, काहीतरी लपवत असू देत, असं तिला मनापासून वाटत होतं. पण त्या चेहऱ्यावर निव्वळ राग होता, अगदी खरा.

"नाव कळलं की आधी मला सांग," दाराशी थांबून ते म्हणाले. "त्या माणसाला मी माझ्या भट्टीपाशी पुन्हा उभं करणार नाही."