तांबडं पिंप

शाळेच्या खोलीत टण् झालं आणि फान्सू लोहाराच्या तोंडून शब्द निसटला, "तांबडं."

पारावर शेजारी बसलेल्या गावप्रमुख तुमानीची जपमाळ थांबली. त्याने दाराकडे बघितलं. दारातून यांकुबा बाहेर येत होता, फान्सूचा लहानपणापासूनचा मित्र.

"नाही, चुकलो," फान्सू घाईने म्हणाला. "पांढरंच होतं."

"चुकलास? परवा तर डोळे मिटून ओळखीन म्हणत होतास."

गांबिया स्वतंत्र होऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि त्यानंतरची ही पहिलीच निवडणूक. गावात वाचता येणारे जेमतेम चार. म्हणून चिठ्ठ्या नव्हत्या, माणशी एक गोटी होती. पडद्याआड दोन पिंपं, तुमानीच्या पक्षाचं पांढरं, दुसऱ्याचं तांबडं. नळीतून गोटी सोडली की आतली घंटी वाजे. दोनदा वाजली तर दारातला साहेब चोर पकडणार. बाकी कोणी कुठे टाकली ते वरच्यालाच ठाऊक. वरच्याला आणि फान्सूला.

ट्रकमधून उतरवताना तांबडं पिंप आपटलं होतं. फान्सूने त्याचा पोचा ठोकून काढला, निखळलेली घंटी पुन्हा बसवली. तेवढं करून गप्प बसला असता तर! पण चहाच्या कोंडाळ्यात त्याची जीभ सुटली. "तुम्हाला दोन्ही सारखीच वाटतील. पण माझ्या हातचं तांबडं जरा घोगरं बोलतं." सगळे हसले, यांकुबाही हसला. तुमानी तेवढा हसला नाही. मतदानाच्या सकाळी त्याने फान्सूला बोलावून शेजारी बसवलं, दर घंटीला रंग सांगायला. पावसाआधी शेतं वाटायची होती, आणि ती वाटणं तुमानीच्या हातात होतं.

सगळ्यांना पांढरंच म्हणायचं, असं फान्सूने येतानाच ठरवलं होतं. पण आपल्या हातची घंटी वाजली आणि मेली कारागिराची खोड आडवी आली. त्यानंतर दुपारपर्यंत तीसेक वेळा तरी घोगरा आवाज आला. फान्सू दर वेळी "पांढरं" म्हणाला. तुमानी मान डोलवत राहिला.

पिंपं सील करून ट्रक शहराकडे गेला. तुमानी उठला, अंगरखा झटकला.

"एकच निघाला. गावाला धडा शिकवायला एक पुरे. त्याचं नदीकाठचं शेत यंदा तू कर."

"मला नको."

"मग दुसरा कोणी करेल. त्याच्याकडे तर राहत नाही. बघ बाबा, तुझ्या कानाची कमाई आहे."

फान्सू भट्टीच्या वाटेला लागला. पोरंबाळं त्यालाही होती, आणि त्याचं भट्टीचं छप्पर तुमानीच्याच जागेवर उभं होतं.

तो भट्टीपाशी पोचला तर यांकुबा तिथे वाट बघत बसलेला. हातात कोयता, चेहरा खुललेला.

"काय रे, आज प्रमुखाच्या मांडीला मांडी लावून!"

"बोलावलं, गेलो."

"खरं सांगू? गोटी सोडताना दोनदा मागे वळून बघितलं मी. तांबड्यात टाकली ना मी. मग म्हटलं, बाहेर फान्सू बसलाय, कोण काय वाकडं करणार आपलं?" त्याने सुपारीसारखं चघळायचं कोलाचं फळ फोडलं आणि अर्धं फान्सूच्या हातावर ठेवलं. "याला धार लावून दे. उद्यापासून नदीकाठचं शेत साफ करायला घेतो."

आता सांगावं, असं फान्सूला वाटलं. त्याने तोंड उघडलंही. मग कोलाचं फळ तोंडात टाकलं आणि कोयता घेऊन दगडापाशी बसला. तो घासत राहिला. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घासत राहिला. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

"अरे, बस झालं," यांकुबा हसून म्हणाला. "झुडपं तोडायचीत, माणसं नव्हे."