दिगूची जागा

"वहिनी, दिगू गेला म्हणून त्याची जागा रिकामी ठेवायची नाही. यंदा मासे धरायला तुम्ही चला," असं प्रधान भाऊजी म्हणाले आणि शरयूताईंना भरून आलं. बत्तीस वर्षं नवरा मित्रांबरोबर जंगलातल्या त्या तळ्यावर जायचा. तो बसायचा तिथे त्यांना एकदा बसायचं होतं.

भाऊजींनी जागा दाखवली. तीन दगडांची चूल, शेजारी कांद्यांची पिशवी. "गळ त्याने कधी धरला नाही, पण कालवण करावं तर दिगूनेच."

घरी ज्याला पाण्याचा पेलाही हातात लागायचा, त्याच्या जागी बसायची हौस तिथल्या तिथे फिटली. भाऊजींच्या हातातला गळ घेऊन शरयूताई काठावर जाऊन बसल्या.

"वहिनी, कांदे?"

"बारीक चिरा. आधी माझा चहा टाका, घरी तेवढासुद्धा ह्यांनी कधी केला नाही."