काळी पट्टी

बारावी पट्टीही लख्ख निघाली, तेव्हा नागनाथ सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, भाजून आणा म्हणालो होतो ना?"

"भाजली की, सर," पुढच्या रांगेतला महिपती म्हणाला. "पर आईनं चिंच लावून घासली. म्हणली, काळं तांबं शाळंत न्हेत्यात व्हय?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. घरोघरी हेच झालं होतं.

रडावं की ओरडावं, सरांना कळेना. तांबटाच्या हातापाया पडून आणलेल्या या तांब्याच्या पट्ट्या त्यांनी काल सातवीत वाटल्या होत्या. चुलीत लालबुंद करायच्या आणि गार झाल्यावर वर धरलेल्या काळ्या पुटासकट आणायच्या. ते पूटच ऊन झेलून वीज करणार होतं. गेल्या वर्षी आकाशात गेलेल्या आर्यभट्टाची सौर पॅनेलं माढ्याच्या शाळेला कोण देणार? आज मीटरची सुई हलली तर पोरं सोलापूरच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होती. आणि ते ठरवणारे साहेब पटांगणात उभे राहून घड्याळ बघत होते.

"एकाची तरी काळी असेल की नाही?" सर करवादले.

 शेवटी मागच्या रांगेतल्या केरानं दप्तरातून आपली पट्टी काढली. काळपट, डागाळलेली. पोरं फिदीफिदी हसली.

सरांनी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी, त्यात एका बाजूला केराची पट्टी, दुसऱ्या बाजूला महिपतीची. तारा मीटरला जोडून ग्लास पटांगणात साहेबांसमोर उन्हात ठेवला. सुई हलली.

"मिठाच्या पाण्यात दोन पट्ट्या बुडवल्या की सुई हलतेच हो," साहेब म्हणाले. "यात सूर्य कुठं आला?"

सरांचं तोंड उतरलं. साहेब वाकून काळी पट्टी निरखू लागले, तोच सुई खाली आली. आता हेही गेलं, असं वाटून सरांनी ग्लासाकडं पाहिलं. केरानं दोन्ही तळवे पट्टीच्या आड धरले होते.

"हात काढ," साहेब म्हणाले. सुई चढली.

"परत धर." सुई उतरली.

साहेबांनी तीनदा करून पाहिलं. मग खिशातून पेन काढून प्रदर्शनाच्या यादीत शाळेचं नाव लिहिलं.

"हात आड धरायचं कुणी शिकवलं, बाळ?"

केरानं मान खाली घालून काळी पट्टी पुन्हा तळव्यांनी झाकली.

"आई अकलूजला ऊसतोडीला गेलीया, सायेब. ती आली की पट्टी घासून आणतो."