फाटकाची खोड

मधल्या भिंतीच्या उंचीवरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं, त्याला चार वर्षं झाली. घरं शेजारी शेजारी, पण एकमेकांच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नव्हतं.

अलीकडे थोरल्याच्या रिमोटवर चालणाऱ्या लोखंडी फाटकाला एक खोड लागली. रोज संध्याकाळी ते आपलं आपण उघडायचं. वैतागून त्याने मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने मोटर खोलली, वायरी तपासल्या आणि शेजारच्या फाटकाकडे बघून तो हसला.

"काका, फाटक ठणठणीत आहे. तुमचा आणि शेजारच्यांचा रिमोट एकाच कोडवर चालतोय. ते कामावरून येऊन त्यांचं फाटक उघडतात, तेव्हा तुमचंही उघडतं. कोड बदलून देतो, पाच मिनिटांचं काम."

थोरला जरा घुटमळला.

"राहू दे. तो घरी सुखरूप आला, एवढं तरी कळतं."

मिस्त्री हत्यारं पिशवीत भरू लागला.

"मागच्या महिन्यात शेजारच्या काकांनीही हेच सांगून मला हात हलवत परत पाठवलं होतं."